आगाऊ भाडे देऊ करणारा भाडेकरू

मलकापुराहून बुलडाण्याकडे जाताना राजूरचा घाट लागण्यापूर्वी येणाऱ्या आपल्या मोताळ्यात घर भाड्याने देणारा मनुष्य हा बहुधा व्यवसायाने घरमालक नसतो. निवृत्तीच्या रकमेतून माडीवर दोन खोल्या चढविलेला शिक्षक, पतीच्या पश्चात घराचा पुढचा भाग भाड्याने देऊन औषधपाण्याचा खर्च भागविणारी वृद्धा, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला घर बांधून ती मुले पुण्याला गेल्यावर रिकाम्या घराकडे पाहत राहिलेला आसपासच्या खेड्यातला शेतकरी, अशीच ही मंडळी असतात. त्यांच्या दृष्टीने दरमहा येणारे चार-सहा हजार रुपये ही लहान बाब नसते. आणि म्हणूनच एखादा अपरिचित इसम दारात उभा राहून, 'सहा महिन्यांचे भाडे आजच देतो, किल्ली द्या,' असे म्हणतो तेव्हा त्यांच्या मनात जो आनंद उमटतो तो अगदी स्वाभाविक असतो. परंतु नेमक्या त्याच क्षणी, जी चौकशी ते इतर कोणत्याही भाडेकरूची केल्यावाचून राहिले नसते ती चौकशी त्यांच्या हातून गळून पडते, आणि रकमेलाच ओळख समजण्याचा प्रमाद घडतो. आगाऊ भाडे देऊ करणे हा गुन्हा नव्हे, तसा तो सचोटीचा दाखलाही नव्हे. तो एक प्रस्ताव आहे, आणि प्रस्तावामागील कारण समजून घेतल्याशिवाय त्याला होकार वा नकार देऊ नये, एवढेच या लेखात विस्ताराने सांगावयाचे आहे.

आपल्या वऱ्हाडात आगाऊ रकमेविषयी जो विश्वास आहे त्याचे मूळ शेतीच्या वहिवाटीत आहे. शेत मक्त्याने किंवा ठोक्याने द्यावयाचे तर पाडव्याच्या सुमारास सालाची रक्कम ठरते, ती पेरणीपूर्वी हाती पडते, आणि मालक वर्षभर निश्चिंत राहतो. रक्कम आधी देणारा मक्तेदार हा चांगला मक्तेदार, हे समीकरण पिढ्यान्पिढ्या खरे ठरत आले आहे. पण शेताला लावलेला हा नियम घराला लावणे धोक्याचे आहे. शेतात मक्तेदार राहत नाही. तूर आणि कापूस निघाला की शेत उघडे पडते, आणि तेथे काय पेरले, काय उगवले हे बांधावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. घराचे तसे नाही. त्याचे दार बंद होते, आत काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही, आणि एकदा कब्जा दिलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा मार्ग हंगामाच्या अखेरीने नव्हे, तर कायद्याने ठरतो. दरमहा भाडे घेण्याच्या रिवाजात एक गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही, ती अशी की महिन्याच्या पाच-सात तारखेला भाडेकरू भाडे घेऊन येतो किंवा मालक ते आणावयास जातो, तेव्हा दोघांची दृष्टादृष्ट होते, नळ गळतो आहे की भिंत ओलावते आहे हे कळते, घरात कोण राहते आणि कोण नव्याने आले हे दिसते. सहा महिन्यांची रक्कम एकदम घेणारा मालक या सहा भेटी आपण होऊन सोडून देतो, आणि ज्याला घरात भलतेच काही करावयाचे असते त्याला नेमक्या याच भेटी नको असतात.

याला कायद्याची जोड दिली म्हणजे विषय अधिक स्पष्ट होईल. आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा लागू झाला. तत्पूर्वी वऱ्हाडात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ सालचा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे, ज्याखाली भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीही भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. जुन्या पिढीतील पुष्कळ मालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती आढळते, ती त्या काळच्या अनुभवांतून उतरलेली आहे. १९९९ च्या कायद्यात, भाडे थकल्याच्या कारणावरून ताबा मागावयाचा तर लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते, आणि जो भाडेकरू भाडे देतो व देण्यास तयार असतो त्याला केवळ मालकाच्या इच्छेखातर काढता येत नाही. आता विचार करावा, की ज्याने वर्षाचे भाडे आधीच भरले आहे त्याच्यावर थकबाकीचा आरोप त्या वर्षात येणारच कोठून? ताबा परत मिळविण्याचे जे सर्वांत सामान्य कारण, ते आगाऊ रकमेने आधीच संपुष्टात आणलेले असते. उलटपक्षी, मोबदला घेऊन दिलेल्या, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीच्या, परवानगीचा पुरता उपभोग घेण्यापूर्वीच, स्वतःचा दोष नसता परवानाधारकाला काढून लावले तर तो नुकसानभरपाई मागू शकतो, असे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ६४ सांगते. म्हणजे घेतलेल्या प्रत्येक आगाऊ महिन्याबरोबर मालकाचे स्वातंत्र्य तितक्या काळापुरते आखडते. ही किंमत देण्यास हरकत नाही. मात्र ती आपण देत आहो याची जाणीव असावी.

असा प्रस्ताव कोण ठेवतो, याचा विचार करताना प्रथम प्रामाणिक माणसांचा विचार केला पाहिजे, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि संशयाच्या भरात त्यांच्यावर अन्याय होता कामा नये. शेतकऱ्याच्या हाती पैसा महिन्याकाठी येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास आणि कापूस त्यानंतर विकला जातो, आणि मुलीला तालुक्याच्या शाळेत ठेवणारा धामणगाव बढ्याकडचा किंवा पिंपळगाव देवीकडचा बाप जर म्हणत असेल की, 'वर्षाचे भाडे आता घेऊन टाका, उन्हाळ्यात माझ्या हाती काही राहत नाही,' तर त्यात शंका घेण्याजोगे काहीएक नाही. त्याच्या सातबाऱ्याने आणि अडत्याच्या हिशोबपट्टीने त्याचे म्हणणे दोन मिनिटांत सिद्ध होते. नोकरीत नव्याने लागलेल्या व पहिला पगार निघण्यास दोन-तीन महिने लागतील असे ज्याला ठाऊक आहे अशा तरुणाच्या वडिलांनी काही रक्कम आधी देणे हेही समजण्यासारखे आहे. रस्त्याच्या वा कालव्याच्या कामावर आलेला ठेकेदार आपल्या माणसांसाठी चार खोल्या कामाच्या मुदतीपर्यंत एकदम घेतो. गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा आणून आपल्याच तालुक्यातील नळगंगा जलाशयाला जोडणारा वैनगंगा-नळगंगा प्रकल्प प्रत्यक्ष कामाच्या टप्प्यावर येईल, तेव्हा असे प्रस्ताव घेऊन येणारी माणसे मोताळ्यात अधिकच दिसू लागतील.

यांच्याहून वेगळा, आणि माझ्या मते सर्वांत अधिक सहानुभूतीने ऐकण्याजोगा, असा आणखी एक वर्ग आहे. आडनाव विचारून, देव विचारून, किंवा 'एकट्या बाईला आम्ही देत नाही' असे सांगून ज्यांना चार-पाच दारांवरून परत पाठविले गेले आहे, अशी माणसे अखेरीस पैशाने दार उघडते का हे पाहतात. नोकरीनिमित्त आलेली परिचारिका, बँकेत बदलून आलेला मुसलमान कारकून, बौद्ध शिक्षक, पतीपासून विभक्त होऊन शिलाईवर संसार करणारी स्त्री, यांनी सहा महिन्यांची रक्कम पुढे केली तर तिच्यामागे कपट नसून वारंवार झालेल्या अपमानाचा शीण असतो. अशा माणसाकडून आगाऊ रक्कम उकळणे हे अनुचित आहे, हे मला निःसंदिग्धपणे म्हणावेसे वाटते. इतरांची जी शहानिशा आपण करतो तीच त्यांची करावी, ती पुरी पडली म्हणजे इतरांप्रमाणेच एका महिन्याचे भाडे व माफक अनामत घेऊन घर द्यावे, आणि जास्तीची रक्कम परत करावी. दूर देशीही हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला आहे: इंग्लंडमध्ये जामीनदार नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून, आणि त्यांत आपल्याकडून गेलेली मुलेही आली, सहा-सहा महिन्यांचे भाडे आधी घेण्याची प्रथा पडली होती, तेथील संसदेने २०२५ साली केलेल्या भाडेकरू हक्क कायद्याने एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे घेण्यास प्रतिबंध केला. आपल्याकडे तसा निर्बंध नाही, म्हणून तो विवेकाने पाळावयाचा.

आता अप्रामाणिकांकडे वळू. त्यांतील सर्वांत मोठा व सर्वांत सोपा फसवणुकीचा प्रकार असा आहे, की त्यात भाडेकरू कधी समोर येतच नाही. घर भाड्याने देणे आहे अशी जाहिरात मोबाइलवर टाकली की तासाभरात फोन येतो. बोलणारा आपण सैन्यात किंवा केंद्रीय सुरक्षा दलात असल्याचे, बदली झाल्याचे, कुटुंब पुढच्या आठवड्यात येत असल्याचे सांगतो, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्राची प्रत पाठवितो, घर न पाहताच पसंत करतो, भाड्यात घासाघीस करीत नाही, आणि तीन-चार महिन्यांची रक्कम ताबडतोब पाठविण्याची तयारी दाखवितो. मग तो म्हणतो, की आमच्या खात्यातून पैसे येण्याची रीत निराळी आहे. आधी तुम्ही एक रुपया पाठवा, किंवा मी पाठवितो तो क्यूआर कोड स्कॅन करून आपला पिन टाका, म्हणजे रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल. ज्याने पिन टाकला त्याच्या खात्यातून पैसे जातात, येत नाहीत. पुण्या-मुंबईत या प्रकाराच्या फिर्यादी पुष्कळ नोंदल्या गेल्या आहेत, आणि लहान गावे त्यापासून दूर आहेत असे समजण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात तर सैनिकाच्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि त्याला कारणही तसेच आहे: २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात हुतात्मा झालेल्यांत मलकापूरचा एक आणि लोणार तालुक्यातील एक, असे या जिल्ह्याचे दोन जवान होते. त्या आदराचा असा दुरुपयोग व्हावा याचा संताप येतो. परंतु संतापापेक्षा येथे एक नियम अधिक उपयोगी पडतो, तो म्हणजे यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले की संभाषण तेथेच संपवावे. आणि रक्कम गेलीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

याचाच दुसरा अवतार असा, की ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा धनादेश किंवा रक्कम पाठविल्याचा संदेश येतो, आणि 'चुकून जास्त आले, वरचे परत करा' अशी विनवणी होते. बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर जमा झाल्याचे आपल्या पासबुकात दिसेपर्यंत, आणि धनादेश असेल तर तो वटेपर्यंत, एक रुपयाही परत करू नये व किल्लीही देऊ नये.

जे प्रत्यक्ष राहावयास येतात, पण घर निराळ्याच कामासाठी घेतात, त्यांचा धोका अधिक खोल असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा मध्यप्रदेशाला भिडलेली आहे, तेव्हा रस्त्यालगतच्या गोदामाला किंवा मागच्या दाराच्या खोलीला बाजारभावाहून अधिक भाडे, तेही वर्षाचे एकदम, कोणी देऊ लागला तर आत काय साठणार हे विचारणे मालकाचे कर्तव्यच ठरते. खरिपाच्या तोंडावर विनापरवाना बियाणे साठविण्यासाठीही अशा जागा शोधल्या जातात. छापा पडला म्हणजे प्रथम ज्याच्या नावावर मिळकत आहे त्याला ठाण्यावर बोलावतात, आणि आपल्याला काही माहीत नव्हते हे सिद्ध करण्यात मालकाचे महिने जातात. मुख्य रस्त्यावरील गाळा सजवून, काचेचे दार लावून, दामदुप्पट परताव्याच्या योजना चालविणाऱ्यांची रीतही हीच असते. भाड्याविषयी ते कधी कुरकुर करीत नाहीत, कारण त्यांना चार-सहा महिन्यांपुरतीच जागा हवी असते. महाराष्ट्राला १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हा रोग किती पसरला होता हे दिसते.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती हंगामी व्यापाऱ्याच्या प्रकरणाची. दसऱ्यानंतर कोणी परका मनुष्य येतो, गोदाम घेतो, हंगामाचे भाडे रोख मोजतो, काटा मांडतो, आणि पहिले पंधरा दिवस चोख पैसे देऊन शेतकऱ्यांचा विश्वास संपादितो; मग भाव क्विंटलमागे थोडा चढा देऊन, 'पैसे आठ दिवसांनी' असे सांगत माल उचलतो, आणि एका सकाळी गोदाम रिकामे आढळते. शेतकऱ्याने त्याच्यावर विश्वास का ठेवला, असे विचारले तर उत्तर येते की, अमक्यांनी त्याला जागा दिली, म्हणजे त्यांनी पाहिलेच असेल. आपण घर किंवा गोदाम देतो तेव्हा त्याबरोबर गावातले आपले नावही त्या माणसाला वापरावयास देतो. म्हणून शेतमालाच्या व्यापाऱ्याकडून बाजार समितीचा परवाना, बियाणे-खतांच्या विक्रेत्याकडून कृषी विभागाचा परवाना, आणि इतर दुकानदाराकडून दुकान व आस्थापना कायद्याखालील नोंद व जीएसटीचा क्रमांक पाहिल्यावाचून त्यांच्या आगाऊ रकमेला हातही लावू नये, आणि परवान्याची खातरजमा त्या-त्या कार्यालयात स्वतः जाऊन करावी.

शहानिशा करावयाची ती कशी, तर पहिला प्रश्न सरळ विचारावा: 'एवढी रक्कम एकदम का देता?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि प्रामाणिक माणसाजवळ त्याचे साधे, तपासता येण्याजोगे उत्तर असते. शेतकऱ्याचे उत्तर हिशोबपट्टीत असते, नोकरदाराचे नियुक्तीच्या वा बदलीच्या आदेशात, ठेकेदाराचे कार्यादेशात. ज्याचे उत्तर 'पैशाचे काय घेऊन बसलात' अशा थाटाचे असते, जो प्रश्नाने चिडतो, किंवा आज संध्याकाळपर्यंतच किल्ली हवी म्हणून घाई करतो, त्याला दोन दिवस थांबण्यास सांगावे. थांबण्याने प्रामाणिक भाडेकरू सहसा जात नाही.

दुसरी गोष्ट, रक्कम आणि उत्पन्न यांची गल्लत करू नये. सहा महिन्यांचे भाडे आज खिशात असणे आणि सातव्या महिन्याचे भाडे देण्याची ऐपत असणे या भिन्न बाबी आहेत. पगाराच्या नोंदी असलेले तीन महिन्यांचे बँक विवरण मागावे. आणि नोकरीच्या ठिकाणी फोन करावयाचा तर भाडेकरूने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपण स्वतंत्रपणे मिळविलेल्या क्रमांकावर करावा. तिसरी गोष्ट, याआधी राहत होता त्या घरच्या मालकाची भेट. तालुक्याच्या ठिकाणी हे अवघड नाही. नांदुरा, मलकापूर, खामगाव, बुलडाणा येथून आलेल्या माणसाच्या मागील मालकाला गाठण्यासाठी एक एसटीचा प्रवास पुरतो, आणि त्या घरी जाऊन बसल्यावर भाडे वेळेवर मिळत होते का, वीजबिल थकले होते का, शेजाऱ्यांचे म्हणणे काय, हे अर्ध्या तासात कळते. मात्र सध्याच्या मालकाला नको असलेला भाडेकरू घालवावयाचा असेल तर तो गोडच बोलेल, म्हणून शक्य झाल्यास त्याच्याही आधीच्या मालकाला विचारावे. आधारपत्राची प्रत घेतली म्हणजे ओळख पटली असे मानू नये. मूळ पत्र पाहावे, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने तपासावा, आणि चेहरा समोरच्या माणसाशी ताडून पाहावा. राहणारी माणसे किती व कोण, हे नावांनिशी लिहून घ्यावे. आणि हे सारे प्रत्येक अर्जदाराच्या बाबतीत सारखेच करावे. एकाला नातेवाइकाच्या शब्दावर घर देऊन दुसऱ्याकडून दहा कागद मागणे, हे अन्यायाचे तर आहेच, पण त्याने आपलीच पारख बिघडते.

चौकशी समाधानकारक ठरल्यावर करारनामा लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवानगीचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि वाद झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शंभराच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा मजकूर टंकून सह्या घेतल्या की झाले, ही समजूत आता सोडली पाहिजे. हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या व शासनाने पुढे अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत चालतो, तेव्हा आपल्या मिळकतीचे स्थान कोणत्या बाजूस पडते ते दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा वकिलास विचारून घ्यावे. पण उत्तर काहीही आले तरी नोंदणी करावी, कारण तिचा खर्च क्षुल्लक आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या परवानगी कराराला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असते, आणि त्या एकुणात भाडे, परत न करावयाच्या रकमा व परत करावयाच्या अनामतीवरील दरसाल १० टक्के व्याज धरले जाते. दरमहा ६,००० रुपये भाडे व २०,००० रुपये अनामत असा अकरा महिन्यांचा करार असेल तर हे शुल्क २०० रुपयांच्या आतबाहेर येते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० व नगरपालिकेच्या क्षेत्रात १,००० रुपये. आगाऊ रक्कम लपविण्याचा मोह होऊ देऊ नये. जी रक्कम दस्तऐवजात नाही तिच्याविषयी पुढे दोघांपैकी कोणीही काहीही म्हणू शकतो. निवासासाठीच्या परवानगी कराराची मुदत संपूनही जागा न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानी मागता येते, हे संरक्षण कलम २४ ने दिले आहे, आणि त्याचाही आधार लेखी करारच असतो. भाडेकरूची माहिती बोराखेडी पोलीस ठाण्यात किंवा राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर देऊन तिची पोच जपून ठेवावी.

रक्कम स्वीकारावयाची ठरली तर किती? माझे मत असे, की सामान्य निवासाच्या घरासाठी दोन, फार तर तीन महिन्यांहून अधिक आगाऊ भाडे घेऊ नये. शेतकरी कुटुंबाची वर्षाची अडचण खरी असेल तर सहा-सहा महिन्यांचे दोन हप्ते करावेत. रक्कम बँकेतून घ्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक अनामत रोखीने घेणे आणि २ लाख वा अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारणे, या दोहोंस प्राप्तिकराचा कायदा मनाई करतो. अनामत व आगाऊ भाडे या दोन रकमा करारात वेगळ्या लिहाव्यात, आणि आगाऊ रक्कम कोणकोणत्या महिन्यांची हे महिन्यांच्या नावांनिशी नमूद करावे. करार अकरा महिन्यांचा आणि भाडे बारा महिन्यांचे, असे पुष्कळ ठिकाणी घडते. मुदतीपलीकडच्या महिन्याचे भाडे घेतले की मुदत वाढविली असा अर्थ लावण्यास जागा राहते, म्हणून मुदत आणि रक्कम यांचा मेळ दिवसागणिक बसला पाहिजे. रक्कम एकदम मिळाली असली तरी पावती दर महिन्याला वेगळी द्यावी आणि ती द्यावयास स्वतः जावे. त्या निमित्ताने, आधी कळवून, घर पाहण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. पोटभाडेकरू ठेवणार नाही, निवासाखेरीज दुसरा उपयोग करणार नाही, आणि तसे झाल्यास आगाऊ भरलेल्या महिन्यांचा काळ शिल्लक असला तरी परवानगी रद्द करता येईल, ही अट स्पष्ट शब्दांत असावी. मात्र वाद झाला म्हणून वीज किंवा पाणी तोडण्याचा मार्ग कधीही पत्करू नये; अत्यावश्यक सोयी तोडण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे, आणि आपली न्याय्य बाजू त्याने क्षणात दुबळी होते.

भाडेकरूच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण वाचकांपैकी काही जण आगाऊ रक्कम देणारेही असतील. घर देणारा मनुष्य खरोखर मालक आहे की नाही, हे नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या उताऱ्यावरून व वीजबिलावरून पाहावे. मालक परगावी असून त्याचा मुखत्यार बोलत असेल तर मुखत्यारपत्र पाहावे. आणि घर विकले गेल्यास किंवा मालक मृत्यू पावल्यास शिल्लक आगाऊ रक्कम खरेदीदारावर व वारसांवर बंधनकारक राहील, असे करारात लिहून घ्यावे. मुदतीपूर्वी बदली झाली तर न वापरलेल्या महिन्यांचे भाडे किती दिवसांत परत मिळेल, हेही आधीच ठरवावे.

त्या परताव्याची तजवीज मालकाने पहिल्याच दिवशी केलेली बरी. मिळालेल्या रकमेपैकी चालू महिन्याचे भाडे खर्चासाठी ठेवून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि दर महिना सरला की एक महिन्याचे भाडे त्यातून आपल्याकडे घ्यावे. ज्याने सहा महिन्यांची रक्कम घेताच छपराच्या दुरुस्तीला किंवा मुलीच्या लग्नाला लावली, त्याला तिसऱ्या महिन्यात भाडेकरू गैर निघाला तरी जा म्हणता येत नाही, आणि सज्जन भाडेकरू अडचणीत येऊन निघाला तर त्याचे पैसे परत देता येत नाहीत. किल्ली देण्याच्या दिवशी वीज मीटरचा आकडा, पंखे-दिवे, नळ, दारे-खिडक्या व भिंतींची स्थिती यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, मोबाइलवर छायाचित्रे काढून ती एकमेकांना पाठवावीत, आणि यादीची एक प्रत नोंदविलेल्या कराराला जोडून ठेवावी.